आतल्या गोटातली ऊब

आमचा पुतण्या स्कॉटलंडच्या समुद्रात बुड्या मारतो. त्याही पैसे मोजून! नांदूरघाटच्या विहिरीत त्या फुकट मिळतात, असं मी म्हटलं तर नुसता हसला. मग म्हणाला, "काका, वरचा सूट पाणी अडवतो, पण ऊब देत नाही. ऊब आतल्या कपड्यांची. स्वस्तात काय घालू?"

विचारलं ते योग्य माणसाला. पौषात रात्रीची लाइट आली की मी गव्हाला पाणी द्यायला जातो.

सुती बनियन नापास. घामानं भिजलं की अंगाला चिकटतं आणि वाळायचं नाव घेत नाही. हे ज्ञान मला बांधावर दात वाजवताना झालं. त्यात पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं पळवतं.

घोंगडं गुणाचं. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. पण टोचतं असं, की खाजवायला सूट उघडावा लागेल, आणि वर तर समुद्र!

राहिलं फ्लीस, म्हणजे रस्त्याकडेला मिळतं ते केसाळ पॉलिएस्टर. दिसायला अगदीच सामान्य. पण पाणी पीत नाही, लवकर वाळतं, तंतूंत हवा धरून ठेवतं. आणि ऊब म्हणजे ती हवाच. खोलवर दाबानं कपडे चेपतात, म्हणून एका जाडजूड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे.

पठ्ठ्यानं फ्लीस घेतलं. परवा फोन आला, "काका, हुडहुडी भरली, अर्ध्यातून वर आलो."

"आत काय होतं?"

"आईनं पाठवलेलं बनियन."

आता वहिनींना कोण सांगणार?