पागोटेवाल्याचे नाव काय?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गावी नातवंडांसोबत एक जुने शिडाचे जहाज पाहण्याचा योग आला. ‘ट्रिंकोमाली’ हे त्याचे नाव. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते मुंबईच्या गोदीत पाण्यावर उतरले. भीमा-कोरेगावच्या लढाईला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. १९८७ साली त्याचा मोडकळीला आलेला सांगाडा या गावी आणला गेला, १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे खपून तो दुरुस्त केला गेला, आणि आज ते वस्तुसंग्रहालय आहे. तरंगत असलेले सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून त्याची ख्याती आहे.

जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, एक लाकडी पुतळा आहे. डोक्याला पागोटे. माझी नऊ वर्षांची नात त्याच्यासमोर थबकली. “आजोबा, हा आपल्याकडचा आहे ना? याचं नाव काय?”

मला उत्तर देता आले नाही. जहाजावर कप्तानाची केबिन आहे, तशीच खाली साध्या खलाशांच्या राहण्याजेवणाची जागाही आहे. हे मला मोलाचे वाटले. त्या देशाने आपल्या खालच्या मजल्यावरच्या माणसाला इतिहासात जागा दिली. ती आपोआप मिळालेली नाही, तिथल्या कामगार चळवळीने ती झगडून घेतली आहे. पण हे लाकूड ज्यांनी तोडले, वाहिले, चिरले, त्यांची गोष्ट कुठल्या मजल्यावर आहे?

लाकूड मलबारच्या सागाचे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडमधले ओक कमी पडू लागले, तेव्हा कंपनीने १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन याला जंगलांचा अधिकारी नेमले आणि साग सरकारी मालकीचा ठरवला. ज्याच्या अंगणात झाड, त्यालाच कुऱ्हाड लावण्याची बंदी! ही मक्तेदारी १८२३ पर्यंत टिकली. ‘ट्रिंकोमाली’ याच काळातले अपत्य आहे.

जहाज बांधले जमशेटजी बमनजी वाडिया यांनी. त्यांचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाते, ते योग्यच आहे. त्यांच्याविषयी एक हकीकत सांगतात. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या लाकडावर त्यांनी कोरून ठेवले होते की, हे जहाज एका ‘काळ्या’ माणसाने बांधले आहे. गोऱ्यांच्या तोंडची शिवीही त्यात होती. साहेबाने केलेला अपमान त्यांनी असा लाकडात जपून ठेवला. मला ही हकीकत फार आवडते. पण पुढचा प्रश्न टळत नाही. वाडियांच्या हाती निदान छिन्नी होती आणि अक्षर होते. खड्ड्यात उभे राहून करवत ओढणाऱ्याला, फटींत राळ ठासणाऱ्याला, ओंडके ओढणाऱ्या हमालाला ते कोणी दिले होते? हे सगळे दलित होते असा दावा मी करीत नाही. पुराव्याविना जात चिकटवणे हा आपला मार्ग नव्हे. ते निनावी होते, एवढे पुरे आहे.

याच कंपनीने कोरेगावच्या स्तंभावर शिपायांची नावे मात्र कोरली. तिथल्या एकोणपन्नास मृतांपैकी बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. मेलेला शिपाई साम्राज्याच्या कामाचा होता, घाम गाळणारा मजूर नव्हता. आणि कोरलेल्या नावाची किंमत तरी किती? १८९२-९३च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा स्तंभ जागीच उभा होता. तरीही ते नाव कोरलेले होते म्हणून बाबासाहेबांना १९२७ साली तिथे जाऊन उभे राहता आले. करवतवाल्यांच्या नातवंडांनी कुठे जाऊन उभे राहावे?

आमच्या मराठीत मुंबई गोदीवर जे लिहिले जाते, त्याचा सूर अभिमानाचा असतो. आपल्या सागाला वाळवी लागत नाही, आपली जहाजे शंभर वर्षे टिकतात, नानकिंगचा तह १८४२ साली मुंबईतच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, वगैरे. त्या तहाने अफूच्या युद्धात हरलेल्या चीनला वाकवले, हे सांगताना लेखणी अडखळत नाही. हा अभिमान कोणाचा?

त्याच १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून सागाची जंगले पट्ट्याने घेतली. डांग आमच्या नवापूरला लागून आहे. राजांच्या वारसांना आहव्याच्या दरबारात अजून मानधन मिळते, त्याच्या बातम्या येतात. झाडे पाडणाऱ्या हातांचा उल्लेख नसतो. वाडिया घराणे मूळ सुरतेचे, म्हणजे तापीच्या मुखावरचे. आणि लोणखेड्याची गोमाई प्रकाशाजवळ त्याच तापीला मिळते. तेव्हा हा विषय परक्या किनाऱ्यावरचा नाही.

शहादा-नवापूरकडच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. जंगलखात्याच्या कूपात झाडे तोडलेली म्हातारी माणसे पाड्यांवर अजून भेटतील. त्यांच्याकडे जावे, त्यांच्याच बोलीत त्यांचे बोलणे उतरवून घ्यावे, आणि प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहावे. संपादकांनी त्यासाठी पुढच्या अंकात चार पाने राखून ठेवावीत.