किशोरवयीन मुलींमधील गर्भाशयमुख-तपासणीचे विकृतिदर्शक अहवाल : धोरणातील एक मौन

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधीचे देशातील एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात झाले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. एच.पी.व्ही. विषाणूच्या एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यातून दिसले. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आराखड्यानेही तपासणीचे वय ३० ते ६५ असे ठरविले. ही मर्यादा शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. आक्षेप आहे तो तिच्या अलीकडील मौनावर.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. नागपूर-विदर्भातील अशी एखादी सतरा वर्षांची विवाहिता अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येते, पॅप स्मिअर घेतली जाते आणि अहवालात विकृत पेशींचा उल्लेख येतो, तर पुढे काय करावे? प्रौढ स्त्रीसाठीचा ‘तपासा आणि त्याच भेटीत उपचार करा’ हा क्रम येथे घातक ठरू शकतो. या वयात विषाणूसंसर्ग सामान्य असतो व बहुतेक मुलींमध्ये तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ॲसेटिक आम्लाच्या चाचणीत दिसणारा पांढरा डागही पुष्कळदा वाढत्या वयातील पेशींच्या स्वाभाविक बदलाचाच असतो. उलट, गर्भाशयमुखाचा भाग कापून काढल्यास पुढे अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणूनच अमेरिकन तज्ज्ञांच्या २००६ च्या सहमतीने किशोरींमधील सौम्य विकृतीसाठी बारा महिन्यांनी पुनर्तपासणी एवढेच सुचविले. तीव्र विकृती आढळल्यास मात्र कॉल्पोस्कोपी आवश्यक मानली. २००९ पासून तेथे एकवीस वर्षांपूर्वी सर्वसाधारण तपासणीच करू नये, असे ठरले. एच.आय.व्ही.बाधितांचा प्रश्न वेगळा.

तथापि, प्रतीक्षा हा उपचार रुग्ण परत येण्यावरच अवलंबून असतो, आणि उसनवार घेतलेले हे सूत्र नेमके येथेच अडते. संसर्ग लैंगिक असल्याचे कळताच सासरी संशयाचे बोट मुलीकडेच वळण्याची शक्यता अधिक; पतीकडे क्वचितच. त्यातच २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ अठरा वर्षांखालील मुलीशी झालेल्या लैंगिक संबंधाची नोंद पोलिसांत करणे डॉक्टरवर बंधनकारक करते, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर वैवाहिक संबंधही त्यातून सुटत नाही. संरक्षणासाठी केलेली ही तरतूद बारा महिन्यांनंतरची भेट टाळण्याचे कारण ठरू शकते. आणि ती भेट कोणी, कोणत्या शब्दांत व कोणाच्या उपस्थितीत सुचवावी, याविषयी आराखड्यात एक ओळही नाही.