धातू, अर्थ आणि प्रयोग

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढविण्यासाठी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांत नॉर्मन लुइस यांच्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ (१९४९) या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे. स्पर्धा-परीक्षांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील विद्यार्थीही त्याचा आश्रय घेतात. त्यामुळे त्यातील पद्धतीचे परीक्षण अगत्याचे ठरते.

लुइस नुसती अकारविल्हे यादी देत नाहीत. व्यक्तिमत्त्वाचे प्रकार, वैद्यकातील व्यवसायी अशा विषयांभोवती शब्द गुंफून ते त्यांचे लॅटिन व ग्रीक धातू उकलून दाखवितात. ‘वळणे’ या अर्थाचा एक लॅटिन धातू कळला, की ‘इन्ट्रोव्हर्ट’ आणि ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ हे दोन्ही शब्द एकदम उलगडतात. स्मरणाला आधार देणारी ही रीत कोऱ्या पाठांतराहून निःसंशय श्रेष्ठ होय.

तथापि धातू म्हणजे अर्थ नव्हे. ‘कन्व्हर्ट’, ‘डायव्हर्ट’ व ‘रिव्हर्ट’ हेही त्याच धातूचे. परंतु त्यांचे रूढ अर्थ केवळ धातूवरून निश्चित करता येत नाहीत. मराठी वाचकाला हे नवे नाही. आहार, विहार, प्रहार, संहार या चारही शब्दांत ‘हृ’ हा एकच धातू आहे. तो जाणणाऱ्यासही त्यांचा भेद प्रयोगातूनच शिकावा लागतो.

शब्दाचे साहचर्य तर व्युत्पत्ती मुळीच सांगत नाही. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९६६ साली दाखविल्याप्रमाणे इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटार मात्र ‘पॉवरफुल’ असते. मराठीतही चहा कडक आणि पाऊस मुसळधार. ही विशेषणे परस्परांत बदलता येत नाहीत.

तिसरा प्रश्न शब्दांच्या निवडीचा. ‘मिसॉगमिस्ट’, म्हणजे विवाहद्वेष्टा, हा शब्द लुइस आरंभीच शिकवितात. पण वाचनात तो क्वचितच भेटतो. याउलट ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुलांची यादी विद्याविषयक लेखनातील वारंवारतेवर आधारलेली आहे. महाविद्यालयात इंग्रजी ग्रंथांशी प्रथमच झुंजणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची अडचण दुर्मीळ शब्दांची नसून अशा नित्याच्या शब्दांची असते. दुर्मीळ शब्द पाठ असूनही परिच्छेद कळत नाही, तेव्हा तो दोष स्वतःच्या बुद्धीला देतो.

सारांश, लुइस यांचा ग्रंथ जिज्ञासा जागवितो, हे त्याचे खरे श्रेय. परंतु शब्दाची ओळख आणि शब्दावरील प्रभुत्व यांतील अंतर वाचन-लेखनानेच तुटते. ते काम कोणतेही धातुकोष्टक करू शकत नाही.