'लोकनाम' कोणाचे? : एका केससदृश अळंबीच्या इंग्रजी नावाचे परीक्षण

ब्रिटनमधील सूचिपर्णी अरण्यांत आणि हेदरच्या माळांवर, गळून पडलेल्या सुया व वाळक्या काटक्या यांवर एक अगदी लहान अळंबी उगवते. तिची टोपी सहसा एक सेंटिमीटरहून मोठी नसते. देठ मात्र काळा, चकचकीत, चिवट आणि घोड्याच्या शेपटीतील केसासारखा बारीक असतो. टोप्या नसतात तेव्हाही तसलेच काळे तंतू पालापाचोळ्यातून पसरलेले आढळतात. इंग्रजीत तिचे लोकनाम म्हणून 'हॉर्सहेअर पॅराशूट' हे नाव दिले जाते. प्रस्तुत टिपणात ह्या नावाचे भाषिक परीक्षण करावयाचे आहे. कवकांना मराठी नावे देताना अशीच नावे नमुना म्हणून पुढे ठेवली जाण्याचा संभव आहे. म्हणून हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

प्रथम शास्त्रीय नाव पाहू. लिनीअसने १७५३ साली ह्या जातीला 'अगॅरिकस अँड्रोसेशियस' म्हटले. फ्रीसने १८३८ साली ती 'मॅरास्मियस' वंशात घातली, आणि चालू शतकात तिची गणना 'जिम्नोपस' वंशात होऊ लागली. ह्यांपैकी 'मॅरास्मियस' हे नाव 'सुकणे, कोमेजणे' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडले आहे. ह्या गटातील अळंब्या कोरड्या हवेत आक्रसतात आणि पाऊस पडताच पुन्हा टवटवीत होतात. तो गुण नावात नेमका उतरला आहे.

आता युरोपीय भाषांतील प्रचलित नावे शेजारी ठेवून पाहावीत. जर्मनमध्ये 'रॉसहार-श्विंडलिंग', डचमध्ये 'पार्डेनहार-ताइलिंग', स्वीडिशमध्ये 'तागेल-ब्रोस्किंग'. चारही भाषांत पूर्वपद एकच आहे : घोड्याचा केस. उत्तरपदे मात्र भिन्न आहेत. जर्मन पद आक्रसण्यावरून, डच पद चिवटपणावरून, स्वीडिश पद कूर्चेवरून, तर इंग्रजी पद हवाई छत्रीवरून आले आहे. उत्तरपदाने गट दाखवावा व पूर्वपदाने जात वेगळी काढावी, ही रचना लिनीअसच्या द्विपद पद्धतीशी इतकी जुळते की, ही नावे रानात नव्हे तर अभ्यासिकेत घडली असावीत असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्रजी नावापुरता तर ह्याला कालाचाही पुरावा आहे. 'पॅराशूट' हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचमध्ये घडला. लिनीअसने नाव दिले त्या वेळी तो अस्तित्वातही नव्हता. जुन्या पुस्तकांत साधे 'हॉर्सहेअर फंगस' असे आढळते. लिझ होल्डेन यांनी संकलित केलेली, ब्रिटनमधील कवकांच्या शिफारस केलेल्या इंग्रजी नावांची यादी २००३ साली सिद्ध झाली. अशा यादीतील नावाला 'लोकनाम' म्हणताना त्यातील 'लोक' कोण, हे विचारले पाहिजे. लोक नाव देतात ते जे खातात, ज्याला भितात किंवा ज्याचा उपयोग करतात त्याला. ही अळंबी कोणी खात नाही व तिला कोणी भीतही नाही. तिला लोकनाम नसणे ही उणीव नसून लोकव्यवहाराचीच साक्ष आहे.

एवढे म्हटल्यावर नावाचे गुणही मान्य केले पाहिजेत. पूर्वपद डोळ्यांना दिसणाऱ्या टिकाऊ लक्षणावर बेतले आहे, तर उत्तरपदात पन्हळी पाडलेल्या टोपीचे चित्र आहे. शास्त्रज्ञांनी वंश बदलला तरी 'पॅराशूट' कायम राहिले, हे स्थैर्यही लहान नव्हे. दोष आहे तो संदिग्धतेचा. उष्ण प्रदेशांतील चहाच्या मळ्यांत झुडपांवर काळ्या तंतूंचे जाळे विणणारी दुसरीच एक जाती आहे. तिच्या लॅटिन नावातील 'क्रिनिस-इक्वाय' ह्या पदांचाही अर्थ 'घोड्याचा केस' असाच आहे. म्हणजे लॅटिनमधला घोड्याचा केस एका जातीचा आणि इंग्रजीतला दुसरीचा!

मराठीत हे नाव जसेच्या तसे आणू पाहिले तर अडचणी आणखी वाढतात. पॅराशूटला आपण 'हवाई छत्री' म्हणतो. पण अळंबीला मराठीत आधीच 'कुत्र्याची छत्री', 'भूछत्र' अशी नावे आहेत आणि संस्कृतात 'छत्राक' हा शब्द मनुस्मृतीइतका जुना आहे. छत्रीचीच पुन्हा छत्री करून काय साधणार? 'पॅराशूट' तसाच ठेवावा, तर केसाच्या जोडीला तो येताच मराठी वाचकास खोबरेल तेल आठवेल. 'केसाळ अळंबी' म्हणावे, तर अर्थच उलटतो : 'केसाळ' म्हणजे अंगावर केस असलेले, आणि हा देठ तर तुळतुळीत आहे. 'अश्वकेशी' हा बहुव्रीही केला तरी 'घोड्यासारखे केस असलेली' असाच अर्थ निघतो. येथे केस अळंबीवर नाही; अळंबी केसावर आहे. निकड पडलीच तर 'केसदेठी अळंबी' एवढे पुरे.

परंतु तत्पूर्वी करावयाचे काम वेगळे आहे. 'अळंबी', गोव्यातील 'अळमी', विदर्भातील 'सात्या' हे शब्द कोणत्याही समितीने घडविलेले नाहीत. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रानात जाणाऱ्यांच्या तोंडी अशी किती नावे आहेत, कोणते नाव कोणत्या जातीला लागते आणि कोठे एकच नाव दोन जातींना पुरते, ह्याची नोंद बोलींच्या अभ्यासकांनी व कवकशास्त्रज्ञांनी मिळून केली पाहिजे. नवे नाव घडविणे पुढेही शक्य आहे. बोलणाऱ्याबरोबर गेलेले नाव मात्र परत मिळत नाही. आधी वेचावे, मग घडवावे. आणि घडविलेल्यास घडविलेलेच म्हणावे, 'लोकनाम' म्हणू नये.