विनोदाचे गांभीर्य : मार्गारेट रदरफोर्ड यांचा अभिनय

अभिनयकलेच्या चर्चेत नायक-नायिकांच्या भूमिकांचा ऊहापोह भरपूर होतो. स्वभावभूमिका करणाऱ्या नटनटींची मात्र एखाद्या कौतुकाच्या वाक्यावर बोळवण केली जाते. त्यातून ती नटी विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध असली आणि निसर्गाने तिला चारचौघींहून वेगळा चेहरा दिला असला, म्हणजे तिचा चेहरा हीच तिची कला असा निकाल देऊन समीक्षक मोकळे होतात. इंग्लंडच्या रंगभूमीवर आणि चित्रपटांत चाळीस वर्षे वावरलेल्या मार्गारेट रदरफोर्ड (१८९२–१९७२) यांच्या वाट्याला हाच निकाल आला. हा निकाल आम्हांस मान्य नाही. रदरफोर्डबाईंच्या विनोदाचे मर्म त्यांच्या जड हनुवटीत किंवा थरथरत्या गालांत नाही. ज्या पात्राला जग हसते, त्या पात्राला स्वतः न हसण्याचे व्रत त्यांनी पाळले, त्यात ते आहे.

त्यांचे पूर्वायुष्य विनोदाला पोषक नव्हते. जन्मापूर्वी काही वर्षे, १८८३ मध्ये, वेडाच्या भरात त्यांच्या वडिलांच्या हातून स्वतःच्याच पित्याची हत्या झाली होती. मार्गारेट तान्ही असताना आईबाप हिंदुस्थानात आले. तेथेच आईने आत्महत्या केली. तीन वर्षांची पोर विंबल्डनला मावशीकडे परतली. पुढे त्यांनी पियानो आणि वक्तृत्व यांच्या शिकवण्या केल्या, आणि १९२५ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात त्या शिकाऊ नटी म्हणून दाखल झाल्या. कलावंताच्या चरित्रातून त्याची कला उलगडू पाहणे धोक्याचे असते. तथापि, ‘विक्षिप्त’ या शब्दामागे माणसाचे केवढे दुःख दडलेले असू शकते, हे या बाईंना घरातूनच ठाऊक होते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

त्यांचे रंगभूमीवरील प्रयोग काळाबरोबर विरले; चित्रपट शिल्लक आहेत. त्यांच्याच आधारे आमचे म्हणणे तपासून पाहू.

नोएल कॉवर्ड यांच्या ‘ब्लाइद स्पिरिट’ या नाटकात त्यांनी १९४१ साली मादाम अर्काती ही प्रेतात्म्यांना बोलावणारी बाई उभी केली. डेव्हिड लीन यांनी १९४५ साली केलेल्या चित्रपटातही ती भूमिका त्यांच्याकडेच होती. अशा विद्येची थट्टा करणे नको म्हणून त्या प्रथम राजी नव्हत्या, असे सांगतात. पडद्यावरील अर्काती पाहताना हे सहज पटते. सायकलवरून येणारी ही बाई ढोंगी नाही. आपल्या व्यवसायावर तिची निस्सीम निष्ठा आहे. घरात खरोखरच भूत अवतरले आहे हे कळताच तिला आनंदाचे भरते येते. पण आपल्याला केवळ एका लेखकाच्या टिपणांसाठी बोलावले होते हे समजते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुखावलेल्या कारागिराचा अभिमान उमटतो. प्रेक्षक त्या क्षणीही हसतो, पण तो थोडा ओशाळतो.

‘त्या नेहमी स्वतःलाच रंगवीत’ या आक्षेपाचे उत्तर ऑस्कर वाइल्ड यांच्या एका नाटकातच मिळते. ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ मधील मिस प्रिझम ही भित्री शिक्षिका त्यांनी १९३९ साली लंडनमध्ये केली. आणि १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच नाटकातील लेडी ब्रॅक्नेल ही दरारा गाजवणारी उमरावबाई केली. दटावणारी आणि दटावली जाणारी ही दोन टोके एकाच नटीने पेलावीत, हे केवळ चेहऱ्याच्या बळावर होत नाही. अँथनी अस्क्विथ यांच्या १९५२ च्या चित्रपटात त्यांची प्रिझम पाहता येते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मूल ज्या पिशवीत विसरले ती पिशवी पुढे येते, तेव्हा सगळ्यांचे प्राण मुलाच्या कुळाच्या कोड्यात अडकलेले असतात. प्रिझमला हर्ष होतो तो आपली जुनी पिशवी सापडल्याचा! हा हर्ष त्या इतक्या निर्मळपणे दाखवतात की एका एकाकी बाईचे रिकामे आयुष्य आपल्याला दिसून जाते.

‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युवर लाइफ’ (१९५०) हा चित्रपट आमच्या पेशाला अधिक जवळचा. सरकारी घोटाळ्यामुळे मुलांच्या शाळेत मुलींची शाळा येऊन पडते, आणि हेडमास्तर ॲलिस्टर सिम यांच्यासमोर मुख्याध्यापिका रदरफोर्ड उभ्या ठाकतात. पालक आणि पाहुणे एकाच दिवशी अवतरल्यावर जी तारांबळ उडते ती प्रहसनाची खरी. बाई मात्र एखाद्या सेनापतीने किल्ला लढवावा तशा आपल्या शाळेसाठी लढतात. ज्याने कधी शाळा तपासणीच्या आदल्या रात्री झोप गमावली आहे, त्याला यातील विनोद आणि व्याकूळता दोन्ही कळतील.

गुणांबरोबर उणीवही नोंदवली पाहिजे. १९६१ ते १९६४ या काळातील मिस मार्पलच्या चार चित्रपटांनी त्यांना जगभर नाव दिले. परंतु त्यांतली मार्पल ॲगाथा ख्रिस्तींची नव्हे. चारांपैकी दोन कथा तर मुळात प्वारोच्या होत्या. कादंबरीतील किरकोळ, शांत म्हातारीच्या जागी येथे तलवार परजणारी वीरांगना येते. पुढे १९८४ पासून जोन हिक्सन यांनी दूरदर्शन मालिकेत केलेली मार्पल मुळाशी कितीतरी इमानदार आहे. ख्रिस्तींना हे चित्रपट रुचले नव्हते. तरीही १९६२ ची एक मार्पल कादंबरी त्यांनी रदरफोर्डबाईंना अर्पण केली. नटी आणि संहिता यांतील हा विवेक आमच्या समीक्षेनेही शिकावा.

‘द व्ही.आय.पीज’ (१९६३) मधील, घर वाचवण्यासाठी म्हातारपणी नोकरीला निघालेल्या डचेसबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. पण आमच्या मते त्यांचा कळस ऑर्सन वेल्स यांच्या ‘चाइम्स ॲट मिडनाइट’ (१९६५) मध्ये आहे. तेथे त्या शेक्सपिअरची मिसेस क्विकली आहेत. फॉल्स्टाफ गेला, त्याचा शेवट कसा झाला ते ही अडाणी खानावळवाली सांगते. शब्द चुकीचे, तपशील हास्यास्पद. आणि तरी हसू ओठांवर येऊन तेथेच थिजते. बाईंनी येथे वेगळे असे काही केलेले नाही. आयुष्यभर जे गांभीर्य त्यांनी विनोदाला दिले, तेच येथेही आहे. फक्त आता ते आपल्या डोळ्यांना दिसते.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक बसवताना विनोदी पात्र वाट्याला आलेला मुलगा प्रथम तोंड वेडेवाकडे करतो. आम्ही त्याला एवढेच सांगत आलो आहोत, की लोकांना हसू दे, तू त्या माणसाची बाजू घे. हे सूत्र आम्ही रदरफोर्डबाईंकडून घेतले, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.