विष्णुशास्त्री चिपळूणकर : परभाषा आणि लेखकाची घडण

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या गद्यावर जॉन्सन व मेकॉले यांची छाप आहे, एवढे नोंदवून समीक्षक बहुधा थांबतात. परंतु जॉन्सनच्या ‘रासेलस’चे (१७५९) वडिलांनी, म्हणजे कृष्णशास्त्र्यांनी, आरंभिलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. इंग्रजीत कर्त्यामागोमाग येणारे क्रियापद मराठीत वाक्यान्ती जाते. त्यामुळे दीर्घ वाक्याचा सारा भार तेथवर तोलून न्यावा लागतो. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त वाक्य क्वचित पसरट होते, पण हा तोल सहसा ढळत नाही. परभाषा शिकताना स्वभाषेची शक्ती अशी अजमावली, तरच विद्यार्थ्याचा लेखक होतो. परीक्षेपुरती इंग्रजी वाक्ये पाठ करविणाऱ्या अध्यापनाने याचा विचार करावयास हवा.