व्यापाराच्या पटावर भूगोल असतो का?

'खेळांद्वारे भूगोल अध्यापनाची परिणामकारकता' असा विषय सिनॉप्सिसमध्ये टाकायचा विचार असेल तर जरा थांबा. 'परिणामकारकता' नंतर मोजू. आधी एवढंच बघा, की या खेळात पुढची चाल खेळायला मुलाला भूगोलातलं नेमकं काय यावं लागतं?

चामटोलीला आमच्या घरी पावसाळ्यात लाईट गेले की व्यापार निघतो. पुतणी चौथीत आहे. कुठल्या शहराची किंमत किती, भाडं किती, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "चेन्नई कुठे आहे गं?" ती म्हणाली, "काका, कोपऱ्याच्या अलीकडे." बरोबरच होतं की! पटावर तिथेच आहे. त्या पटावर शहरांऐवजी भाज्यांची नावं छापली तरी एकही चाल बदलणार नाही. नाव-गाव-फळ-फूलचंही तेच. 'क' आला की कर्जत लिहायचं. कर्जत कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही.

व्यापाराच्या मुळाशी गेलात तर गंमत आहे. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये अमेरिकेत 'द लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं. जमीनमालकाला बसल्या जागी मिळणारं भाडं इतरांना कसं कंगाल करतं, हे लोकांना दाखवायला. त्यातून पुढे मोनोपॉली निघाला आणि लोक मजेत भाडं वसूल करायला लागले. खेळ करणाऱ्याचा हेतू एक आणि खेळणाऱ्याच्या हाताला लागलेली सवय दुसरी. 'हा खेळ शैक्षणिक आहे' असं डब्यावर लिहिलेलं असतं, तो फक्त हेतू असतो. तुमच्या प्रबंधात तो पुरावा म्हणून येऊ देऊ नका.

मग चांगला पुरावा कसा असतो? रॉबर्ट सीगलर आणि गीता रमानी यांचं काम वाचा. गरीब घरांतली, शाळापूर्व वयाची मुलं. एका गटाच्या पटावर एका रांगेत १ ते १० आकडे, दुसऱ्याच्या पटावर आकड्यांच्या जागी रंग. बाकी खेळ तोच. दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका, आणि आकडेवाल्या गटाची संख्यांची समज वाढली, रंगवाल्यांची नाही. २००९ मध्ये त्यांनी गोल पटही तपासला. सरळ पटावर खेळलेली मुलं जास्त शिकली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त मला यात फार आवडते. आपल्याकडे बरेचदा 'खेळ विरुद्ध नेहमीचा तास' अशी तुलना होते आणि मग फरक खेळामुळे पडला, नवेपणामुळे पडला की शिक्षकाच्या उत्साहामुळे, कळतच नाही.

पण हेच संशोधन भूगोलाच्या सिनॉप्सिसमध्ये सरळ चिकटवू नका. ते आकड्यांचं आहे. शिवाय तिथे समोर प्रशिक्षित माणूस एकेका मुलाबरोबर खेळत होता. घरी आपण एक डोळा कुकरवर ठेवून खेळतो.

मी स्वतः एक पट करून पाहिला. कागदाची लांब पट्टी, डावीकडे कल्याण, उजवीकडे कर्जत, मध्ये विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड. बाजूने उल्हास नदी. 'कर्जतला मुसळधार' असा पत्ता निघाला की पाणी कुठल्या स्टेशनांकडे सरकणार ते सांगायचं, नाहीतर सोंगटी हलत नाही. हे नुसतं लुटुपुटूचं नाही. जुलै २०१९ मध्ये कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात आमच्या चामटोलीजवळच अडकली होती. हजारेक प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. इथल्या पोराला पाणी कुठून येतं हे कळायलाच हवं. खेळाआधी पुतणीचं उत्तर होतं, "वरून. पाऊस पडतो ना!" आठवड्याभरानं ती म्हणाली, "कर्जतकडून."

इथेच थांबलो असतो तर ब्लॉगवर छान यशोगाथा झाली असती. पण चाचणी पटावर घ्यायची नाही, दुसऱ्या कागदावर घ्यायची, हे मीच तुम्हाला सांगत असतो. म्हणून कोरा कागद घेतला, कर्जत मुद्दाम डावीकडे लिहिलं, कल्याण उजवीकडे, आणि म्हटलं, नदीचा बाण काढ. तिनं अजिबात न अडखळता उजवीकडून डावीकडे काढला. उल्हास कल्याणहून निघून घाट चढायला लागली! ती नदीची दिशा शिकलीच नव्हती, माझ्या पट्टीची शिकली होती. चेन्नई कोपऱ्याच्या अलीकडे, तसंच.

आणि हे एकच मूल, घरातलं, खेळ करणारा मी, तपासणाराही मीच. यावर निष्कर्ष काढला तर गाईड वही अंगावर फेकतील. सध्या इतकंच केलंय की दर डावाला पट्टी फिरवून ठेवतो, कधी उलटी, कधी उभी. पुतणी वैतागते. दोन आठवड्यांनी पुन्हा कोरा कागद देणार आहे, आणि या वेळी तो मी नाही, तिची आई देणार आहे.